खडा आणि दाणा

माझ्या नावावर आजमितीला साधारण चारशे कोटी रुपये आहेत. बँकेतल्या कारकुनाच्या तोंडून असं वाक्य आलं की ऐकणारा आधी दार लोटून घेतो आणि मग आवाज खाली आणून ‘कुठल्या खात्यात?’ असं विचारतो. म्हणून आधीच खुलासा करून टाकतो. हे पैसे कुठल्याही खात्यात नाहीत. माझ्या ई-मेलच्या ‘स्पॅम’ नावाच्या कप्प्यात आहेत. पैकी सव्वाशे कोटी एका दिवंगत सेनापतीच्या विधवेचे. बाई आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात असतात, प्रकृती तोळामासा, आणि साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर विश्वास टाकण्याजोगा गृहस्थ म्हणून त्यांना मीच आढळलो. आमच्या मॅनेजरसाहेबांना हे एकदा कळायला हवं. कॅशची दुसरी किल्ली माझ्या हातात देताना त्यांचा चेहरा असा होतो, की जणू पोटच्या मुलीची पाठवणी चालली आहे. बाकीची रक्कम मी जन्मात न काढलेल्या लॉटरीच्या तिकिटांची. शिवाय त्याच कप्प्यात टक्कल घालवणारं तेल आहे, पोट घालवणारा पट्टा आहे, आणि मराठी पेपरात छापता येणार नाहीत अशा आणखी काही सोयी आहेत.

ही आगंतुक पत्रं काही आजची नव्हेत. १९७८ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुअर्क नावाच्या माणसाने आपल्या नव्या कॉम्प्युटरची जाहिरात सुमारे चारशे लोकांना एकदम धाडली. त्या वेळी इंटरनेट नव्हतं, अर्पानेट नावाचं त्याचं थोरलं भावंड होतं. लोक खवळले, थुअर्कला समज देण्यात आली. ‘पण माल खपला!’ असं तो पुढे अनेक वर्षं सांगत असे, आणि तिथेच सगळी मेख आहे. स्पॅम हे नाव मात्र अमेरिकेतल्या एका डबाबंद मांसाचं. १९७० साली माँटी पायथन या विलायती विनोदी मंडळींनी टीव्हीवर एक प्रवेश केला. त्यातल्या खाणावळीत काहीही मागवा, ताटात हे मांस असायचंच. नको म्हणायची सोय नाही. आमचं घर शुद्ध शाकाहारी, तरी दिवसाला चाळीसेक डबे येतात.

तर हे डबे दारातच वेगळे काढण्याचं काम एक यंत्र करतं. ते पगार मागत नाही, युनियन करत नाही, चहाला उठत नाही. मी त्याचा मनापासून ऋणी आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून गैरसमज व्हायचा.

माझा भाचा सांगलीला असतो. बी. कॉम. आहे. (ते आमच्या घराण्यातच आहे, त्याला इलाज नाही.) पुण्याच्या एका कंपनीत त्याची मुलाखत झाली. मुलाखत चांगली गेली असं तो म्हणाला. सगळेच म्हणतात. पण त्याची खरंच चांगली गेली होती. ‘कळवतो’ म्हणाले. मुलगा वाट बघत बसला. आठ दिवस गेले, पंधरा गेले. ताईने शनिवारचा उपास सोडून मंगळवारचा धरला. एकोणिसाव्या दिवशी त्याच्या मित्राने सहज विचारलं, ‘अरे, स्पॅममध्ये बघितलंस का?’ बघितलं, तर पत्र तिथे होतं. पत्राची सुरुवात अशी : ‘अभिनंदन! आपली निवड झाली आहे.’ पुढे, ‘खालच्या निळ्या अक्षरांवर क्लिक करून सात दिवसांच्या आत आपली कागदपत्रं पाठवावीत, अन्यथा ही संधी रद्द समजण्यात येईल.’

आता प्रामाणिकपणे सांगा, अभिनंदन, निवड, त्वरा करा, क्लिक करा, कागदपत्रं पाठवा, हे सगळं एका पत्रात बघितल्यावर यंत्राच्या जागी तुम्ही काय केलं असतंत? मी तर बेड्या घातल्या असत्या. चांगली बातमी आणि लबाडी यांची भाषा इतकी एकसारखी असावी, हा त्या मुलाचा दोष नव्हता. आणि कंपनीचाही म्हणता येत नाही.

त्याने फोन केला. तिकडची मुलगी सौजन्याने म्हणाली, ‘सर, आम्ही तर मेल पाठवला होता. तुमचं काहीच उत्तर नाही आलं, म्हणून लिस्टमधल्या पुढच्या कॅन्डिडेटला घेतलं.’

यात कोणी खोटं बोललेलं नाही, हे लक्षात घ्या. कंपनीच्या वहीत नोंद आहे : पत्र पाठवलं, मुलगा बेफिकीर निघाला. मुलाच्या वहीत नोंद आहे : कंपनी आढ्यताखोर, साधं नाही म्हणायचीही माणुसकी दाखवली नाही. ई-मेलवाल्यांच्या वहीत नोंद आहे : एक उपद्रव रोखला. तिन्ही वह्या चोख जुळतात. वह्या चोख जुळताहेत आणि रक्कम मात्र गायब आहे, असं झालं की आमच्या धंद्यात घाम फुटतो. तिथे कुणालाच फुटला नाही.

घरी हा विषय निघाला तेव्हा सौ. गावाहून आलेले तांदूळ निवडत बसली होती. मी तावातावाने यंत्राला नावं ठेवत होतो. ती मान वर न करता म्हणाली, ‘अहो, दाताखाली खडा आला की तुम्ही ताटावरून ओरडता, शेजारच्यांना ऐकू जातं. पण खड्यांबरोबर चार दाणे टाकले गेले, तर वीस वर्षांत एकदा तरी विचारलंत?’

विचारलं नव्हतं. कोण विचारतो? गेलेला दाणा दिसतच नाही, तर विचारणार कशाच्या जोरावर? खडा बोंब मारतो, दाणा मुकाट जातो. त्यामुळे निवडणाऱ्याचा हात हळूहळू एकाच बाजूला सैल होत जातो. शंका आली की टाक. सौ. टाकते, यंत्रही टाकतं. ई-मेलच्या कंपनीकडे रोज ज्या तक्रारी येतात, त्या खडे लागलेल्यांच्या. ज्याचं पत्र हरवलं तो तक्रार करत नाही, कारण पत्र हरवलंय हेच त्याला ठाऊक नसतं. तो फक्त मनात म्हणतो, ‘लोक बदलले.’

एका दाण्यासाठी किती खडे सोसावेत, हा प्रश्न मात्र पुरातन आहे. कोर्टात तो माणसांच्या बाबतीत विचारला जातो. बाराव्या शतकात मायमोनिडीस नावाच्या ज्यू पंडिताने भाव काढला : हजार गुन्हेगार सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला मारू नका. १७६९ साली ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने तो दहावर आणला. १७८५ साली बेंजामिन फ्रँकलिनने तो पुन्हा शंभरावर नेला, आणि आपल्या हिंदी सिनेमातली कोर्टं आजतागायत फ्रँकलिनच्याच दराने चालतात. निरपराध माणसाच्या भावात इतकी चढउतार पाहिली की वाटतं, हे न्यायशास्त्र आहे की शेअरबाजार? तरी एका गोष्टीत तिघांचं एकमत आहे : दाणा खड्यापेक्षा महाग. वाद फक्त किती पटीने, एवढाच.

बँकेत हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून येत नाही, खिडकीतून येतो. चेक आला. सही बघितली. जुळते की नाही? खोटी सही खरी समजून पैसे दिले, तर भुर्दंड बँकेला. खातेदाराची सहीच नाही, म्हणजे त्याचा हुकूमच नाही, असा कायदा आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात तो असा ठणकावून सांगितला की, खोट्या सह्या कंपनीच्याच हिशेबनिसाने केल्या होत्या, तरीही पैसे भरले बँकेने. बरं, म्हणून घाबरून खरा चेक परत पाठवला, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम ३१ तयारच आहे. नुकसानभरपाई द्या. दोन्हीकडून मार हा आमच्या पेशाचा अविभाज्य भाग आहे. त्याबद्दल वेगळा भत्ता नाही.

बी. कॉम.ला असताना बँकिंगच्या पेपरासाठी एक वाक्य पाठ केलं होतं. परत गेलेल्या चेकची रक्कम जितकी लहान, तितकी खातेदाराची बेअब्रू मोठी. तेव्हा दोन मार्कांसाठी पाठ केलं. खिडकीत बसल्यावर अर्थ कळला. दहा लाखांचा चेक परत गेला तर लोक म्हणतात, काहीतरी तांत्रिक असेल. सातशे रुपयांचा परत गेला तर वाणी गल्लीभर सांगतो.

आमच्या शाखेत एक पेन्शनर आजोबा आहेत. एकेकाळी पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या नमुन्याच्या सहीचं कार्ड १९८८ सालचं. ती सही म्हणजे छापील मोत्यांची माळ. आता आजोबांचा हात कापतो. आजची सही बघितली तर वाटतं, पंचनामा करताना हवालदाराला कुणीतरी धक्का दिला. अशा वेळी यंत्राच्या नजरेने बघा. कार्डावरची सही आणि चेकवरची सही जुळत नाही, म्हणजे लबाडी. आणि उद्या एखाद्या भामट्याने आजोबांच्या नावाने सही केली, तर ती कशी असेल? हुबेहूब कार्डासारखी! भामटा नमुना समोर ठेवूनच बसतो. खरा माणूस म्हातारा होतो, सर्दीने बेजार होतो, घाईत असतो, नवं पेन घेतो. सारखेपणावरून पारख करायची ठरवली की पहिला फायदा नक्कल करणाऱ्याचा.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनने हे तत्त्व फार पूर्वीच सिद्ध केलं आहे. माझे मामा राजापूरहून आंब्याची पेटी डोक्यावर घेऊन आले, तर त्यांना फाटकात अर्धा तास उभं केलं. त्याच दुपारी टाय लावलेला एक तरुण तिन्ही मजले हिंडून सात घरांना पाणी शुद्ध करण्याचं यंत्र विकून गेला. ते यंत्र नंतर कुणाच्या पाण्याला लागलं नाही. ई-मेलमध्येही तेच. पाठवणारा खरा आहे हे पटवण्यासाठी हल्ली पत्रावर अदृश्य शिक्के लागतात. ते शिक्के सर्वांत व्यवस्थित कोण लावतं? ज्याचा तो धंदा आहे तो. एखादी पतपेढी, एखादं ग्रंथालय, एखादं गावचं मंडळ यांना शिक्क्यांचा पत्ताच नसतो. त्यांची पत्रं फाटकात आंब्याच्या पेटीसह उभी.

यंत्राची बाजू मांडायची तर ते अगदीच अडाणी नाही. सुरुवातीला होतं. १९९६ साली इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प या गावच्या लोकांना अमेरिकेतल्या एओएल कंपनीत खातंच उघडता येईना. कारण काय, तर गावाच्या नावाच्या पोटात एक असभ्य इंग्रजी शब्द दडलेला होता आणि यंत्र सोवळं होतं. (मराठी गावांमध्येही अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. सुज्ञांनी आपापल्या एस. टी.च्या पाट्या आठवाव्यात.) मग २००२ साली पॉल ग्रॅहॅम नावाच्या अमेरिकन माणसाने एक युक्ती लोकांपुढे ठेवली. चांगल्या पत्रांचा एक ढीग घ्या, रद्दीचा एक घ्या. कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजा, आणि नवं पत्र आलं की त्यातल्या शब्दांवरून शक्यता काढा. गणित टॉमस बेझ या अठराव्या शतकातल्या इंग्रज धर्मोपदेशकाचं. बेझ वारला १७६१ साली आणि त्याचा निबंध प्रसिद्ध झाला १७६३ साली, तोही एका मित्राने कागद चाळले म्हणून. टपाल उशिरा पोचणं म्हणजे काय, हे या गृहस्थाइतकं कुणालाच कळलं नसेल. ग्रॅहॅमला असंही आढळलं की भडक लाल अक्षरं हा रद्दी ओळखण्याचा अश्लील शब्दांइतकाच पक्का पुरावा. लाल शाईत लिहिणाऱ्यापासून सावध राहावं हे आम्हाला ऑडिटरमुळे आधीच ठाऊक होतं.

पण मला त्याची दुसरी गोष्ट आवडली. चांगल्या ढिगातला शब्द त्याने मुद्दाम दुप्पट मोजला. म्हणजे तराजू जाणूनबुजून एका बाजूला झुकवला. चूक व्हायचीच असेल तर रद्दी आत येण्याची होऊ दे, पत्र बाहेर जाण्याची नको. कारकुनाला हिशेबात अशी दया करता येत नाही. त्याने केली, आणि लपवून न करता सर्वांना सांगून केली.

इथवर येऊन मला थांबता आलं असतं. ‘दारं उघडी ठेवा’ असं लिहून मोकळा झालो असतो. पण मार्च महिन्यातल्या एका सोमवारी एक निवृत्त शिक्षिका माझ्या खिडकीशी आल्या. त्यांना आमच्याच बँकेचं चिन्ह असलेलं पत्र ई-मेलवर आलं होतं. ‘आपली केवायसी अपूर्ण आहे, २४ तासांत खातं बंद होईल.’ ते पत्र स्पॅममध्ये गेलं नव्हतं, वरच्या सरळ कप्प्यात आलं होतं. बाई आयुष्यभर मुलांना ‘सूचना नीट वाचा आणि मग उत्तरं लिहा’ असं शिकवत आल्या. त्यांनी सूचना नीट वाचल्या, सगळी उत्तरं लिहिली, आणि शेवटी फोनवर आलेला ओटीपीही लिहिला. एक लाख ऐंशी हजार गेले. बाई आरडाओरडा करत नव्हत्या. त्यांनी पर्समधून छापून आणलेलं पत्र काढलं, घडी उलगडून काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, ‘हे तुमचंच आहे ना?’

त्यानंतर आठवडाभर मी यंत्राला नावं ठेवली नाहीत. खडा म्हणजे फक्त दाताखालचा कचका नव्हे. काही खडे विषारी असतात.

म्हणून प्रश्न असा सुटा ठेवता येत नाही. बाईंना गच्च विणीची चाळण हवी, भाच्याला सैल. आणि कंपनीजवळ चाळण जवळजवळ एकच, कोट्यवधी लोकांसाठी. स्पॅमचा कप्पा हा त्यातला मधला मार्ग म्हणायचा. टाकायचं नाही, बाजूला ठेवायचं. माझी आजी सुपाने पाखडून झालं की कोंड्यातून एकदा हात फिरवायची. मूठभर दाणे निघायचेच. कल्पना तीच. फक्त आजीला कोंडा चोवीस तास दिसायचा. हा कप्पा पडद्याआड असतो, आणि जीमेलमध्ये तर त्यातलं पत्र तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. शिवाय जिने तिथे हात घालू नये ती बाई कुतूहलाने घालते, आणि ज्याने रोज घालावा तो भाचा एकोणिसाव्या दिवशी घालतो.

आकडेमोड केल्याशिवाय मला झोप येत नाही, म्हणून करून बघितली. समजा, माणसाला दिवसाला दहा खरी पत्रं येतात आणि यंत्र हजारात एकदाच चुकतं. हजारात एक म्हणजे उत्तम. आमच्या शाखेत एवढं अचूक काम झालं तर पेढे वाटतील. वर्षाची झाली ३६५० पत्रं. म्हणजे तीन किंवा चार गेली. तीन-चार! ऐकायला काहीच नाही. पण त्यातलं एक नेमणुकीचं, एक वीस वर्षांनी पत्ता शोधून लिहिलेल्या मित्राचं, आणि एक रुसलेल्या भावाने पहिल्यांदा माघार घेऊन लिहिलेलं असलं तर? आणि एक लाख ग्राहकांची कंपनी असेल, तर रोजची हजार पत्रं. रोज हजार घरांत कुणीतरी कुणाबद्दल तरी म्हणतंय, ‘साधं उत्तर द्यायची रीत नाही.’ याची बेरीज कुठल्याही ताळेबंदात येत नाही.

त्यात आपणही हात धुऊन घेतो. ‘स्पॅम’ असं लिहिलेलं एक बटण प्रत्येकाच्या हाती दिलेलं आहे. आमच्या शाखेतल्या एका गृहस्थांनी स्वतः वर्गणी भरून एक मासिक घेतलं. पुढे कंटाळा आला. वर्गणी बंद करायला तीनदा क्लिक करावं लागतं, बटणाला एकदा. त्यांनी बटण दाबलं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलचा नियम असा की ढिगाने पत्रं पाठवणाऱ्याविरुद्धच्या अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत राहिल्या पाहिजेत. म्हणजे हजारातल्या तिघांना कंटाळा आला, तर उरलेल्या नऊशे सत्त्याण्णवांना मासिक पोचायची मारामार. लोकशाही म्हणतात ती हीच की काय, कोण जाणे.

मला विचाराल, तर यंत्र चुकतं याचा मला फारसा राग नाही. चुकेल. मीही वॉचमनच आहे, खिडकीतला. राग आहे तो मुकाटपणाचा. आमच्याकडे चेक परत गेला, तर त्याच्यासोबत छापील मेमो जातो. सही जुळत नाही, तारीख चुकली, शिल्लक नाही, काय ते कारण लिहिलेलं असतं. नोट खोटी आढळली, तर रिझर्व्ह बँकेचा नियम असा की शिक्का मारून ती जप्त करायची, पण आणणाऱ्याला पावती द्यायचीच. तो पावतीवर सही करायला तयार नसला तरी द्यायची. कोर्टात सजा होते ती आरोपीला ऐकू जाईल अशी सुनावतात. इथे मात्र ज्याने लिहिलं त्याला ठाऊक नाही, ज्याला लिहिलं त्याला ठाऊक नाही, आणि ज्याने निकाल दिला तो तर यंत्र.

आमच्या अकाउंटंटसाहेबांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘म्हणजे चोराला दारात सांगायचं, की बाबा रे, तुझी अमुक किल्ली लागली नाही, दुसरी घेऊन ये?’ मुद्दा खोटा नाही. दुसरीही एक अडचण आहे. रद्दी पाठवणारा पाकिटावर भलत्याचाच पत्ता घालतो. सगळी रद्दी मागाहून ‘परत’ पाठवायला लागलो तर ती ज्याने कधी काही पाठवलंच नाही, अशा एखाद्या गरिबाच्या दारात जाऊन पडेल. असं खरोखरच होत असे. पण त्यावर इलाज आहे, आणि तो नवाही नाही. ई-मेलच्या देवघेवीचे नियम १९८२ साली घातले गेले, २००८ साली ते सुधारून लिहिले. त्यात साधी रीत आहे. एका यंत्राने दुसऱ्याकडून पत्र ‘घेतलं’ म्हटलं, की ते पोचवण्याची, नाही तर पोचलं नाही हे कळवण्याची जबाबदारी त्याची. गुपचूप फेकून द्यायचं ते फक्त लबाडीबद्दल अगदी बळकट खात्री असेल तेव्हा. म्हणजे नाकारायचंच असेल तर घेण्याआधी, दारात उभं असतानाच ‘हे घेत नाही’ म्हणावं. पाठवणारा खरा असेल तर त्याच्या स्वतःच्या पोस्टाकडून त्याला निरोप मिळतो. खोटा असेल तर निरोप त्याच्याच यंत्रापाशी संपतो, तिसऱ्याला त्रास नाही. चोराला थोडंफार कळेल, कळू दे. आमचा मेमोही भामटा वाचतोच. म्हणून आम्ही मेमो छापायचं बंद केलेलं नाही.

हल्ली मात्र उलट रीत पडली आहे. कुठलाही अर्ज भरा, शेवटी बारीक अक्षरांत ओळ असते : ‘आमचं पत्र न दिसल्यास कृपया स्पॅममध्ये पाहावे.’ निवडायला बसलेल्याने ताट पुढे करून म्हणावं, की जेवायला बसा, आणि दाणे कमी वाटले तर बाहेर उकिरड्यावर आहेत, घेऊन या. आणि आपण जातो! भाचा आता रोज जातो. सकाळ-संध्याकाळ, देवाला दिवा लावावा तसा. त्याला मिरजेत दुसरी नोकरी लागली, पगार जरा कमी आहे. त्या पहिल्या कंपनीचं नाव पेपरात दिसलं की ताई पान उलटते.

मागच्या गुरुवारी त्या पाटबंधारेवाल्या आजोबांचा चेक आला. दूधवाल्याला दिलेला, नऊशे चाळीस रुपयांचा. सही बघितली, या खेपेला ती आडवी कमी आणि उभी जास्त होती. कार्ड काढलं, कार्डाशी काही नातं लागेना. समोर बारा माणसं उभी. मी फोन उचलला. रांगेतून एक सुस्कारा आला, मग दुसरा. फोन बराच वेळ वाजला. आजोबांना उठायला वेळ लागतो.

‘आजोबा, बँकेतून बोलतोय. दूधवाल्याला दिलेला चेक तुमचाच ना?’

‘माझाच. का हो? सही चांगली नाही का आली?’